नकाशा मनात, पाऊल मात्र जुन्याच वाटेवर

पुण्यातील एका विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात आम्ही वाट शोधताना माणसाला वाटणाऱ्या चिंतेचा अभ्यास करतो. संगणकावर उभारलेले एक गाव पडद्यावर दाखवायचे, सहभागी व्यक्तीला त्यातून ठरलेल्या मार्गाने फिरवून आणायचे आणि नंतर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी तिचे तिला जायला सांगायचे, असे कामाचे साधारण स्वरूप असते. खऱ्या रस्त्यावर रहदारी, ऊन, आधीची ओळख अशा कितीतरी गोष्टी निकालात मिसळतात; आभासी गावात मात्र प्रत्येकासमोर तेच चौक आणि त्याच गल्ल्या ठेवता येतात आणि कोण कुठे किती वेळ थबकले याचीही नोंद आपोआप होते. पुढे सांगितलेला प्रसंग अशाच एका सत्रातला आहे. तो मी संबंधित ताईंच्या परवानगीने लिहीत असून त्यांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

ताई चाळिशीतल्या होत्या. सुरुवातीला त्यांनी मानसशास्त्रज्ञ कॅरल लॉटन यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रश्नावलीवर आधारित आमची मराठी प्रश्नावली भरली. तिच्यात रोजच्या जगण्यातले ८ प्रसंग आहेत आणि प्रत्येक प्रसंगी किती चिंता वाटते हे १ ते ५ या मापावर सांगायचे असते. त्यांतला एक प्रसंग असा आहे की, जवळचा असेल असे वाटणारा नवा रस्ता नकाशा हाताशी नसताना धरून पाहायचा. त्यासमोर ताईंनी ५ वर खूण केली आणि ती पुन्हा एकदा गिरवली.

चालण्याची चाचणी आम्ही मार्चेट, बॅकर आणि शेल्टन या संशोधकांनी २०११ मध्ये मांडलेल्या पद्धतीने घेतो. शिकताना एकच वळणावळणाचा मार्ग दाखवलेला असतो. चाचणीत मात्र बहुतेक ठिकाणी त्या मार्गानेही पोहोचता येते आणि न पाहिलेल्या गल्लीतून लवकरही पोहोचता येते. ‘अमुक ठिकाणी जा’ एवढेच सांगायचे असते. जवळच्या वाटेने जा, असे मुद्दाम सांगत नाहीत, कारण कोण आपणहून काय निवडतो हेच पाहायचे असते. ताईंच्या डाव्या हाताच्या दोन बोटांना त्वचेची विद्युत्वाहकता मोजणारे संवेदक लावलेले होते. मनावर ताण आला की घामाच्या ग्रंथी किंचित जागृत होतात आणि ही वाहकता वाढते. ही वाढ प्रसंगानंतर साधारण १ ते ३ सेकंदांनी दिसू लागते, म्हणून आलेख वाचताना ते अंतर ध्यानात ठेवावे लागते.

ताई प्रत्येक वेळी शिकलेल्या मार्गानेच गेल्या. मात्र वाचनालयाशेजारच्या गल्लीच्या तोंडाशी आल्या की त्या थांबत, नजर आत वळवत, तेवढ्यात आलेखाची रेघ चढू लागे आणि मग त्या परत फिरून ओळखीच्या रस्त्याला लागत. तिथे गेल्यावर रेघ हळूहळू उतरे. शेजारच्या पडद्यावर हे पाहताना मला वाटले की यांच्या मनात गावाचा नकाशा तयारच झालेला नसावा. आमच्या क्षेत्रातले नेहमीचे स्पष्टीकरणही हेच असते.

त्यानंतर दिशा दाखवण्याची चाचणी झाली. एका इमारतीसमोर उभे राहून न दिसणारी दुसरी इमारत कोणत्या दिशेला आहे ते दाखवायचे असते. कुणी निव्वळ अंदाजाने दिशा दाखवत गेले तर सरासरी चूक ९० अंशांच्या आसपास येते. ताईंची चूक बहुतेक ठिकाणी २० अंशांच्या आत होती. ज्या वाचनालयाशेजारची गल्ली त्या दर वेळी टाळत होत्या, तिथे उभ्या राहून त्यांनी गल्लीपलीकडच्या दवाखान्याची दिशा क्षणभरही न घुटमळता दाखवली.

सत्र संपल्यावर मी त्यांना याबद्दल विचारले. त्या म्हणाल्या, “रस्ता कळत होता हो मॅडम. पण आत शिरले आणि पुढे बंदच निघाला तर? माहितीच्या रस्त्यानं उशीर होईल, पण पोहोचणार हे नक्की.” मग त्यांनी स्वतःचेच उदाहरण दिले. एरंडवण्यातून नवी पेठेत जायला म्हात्रे पूल जवळ पडतो हे त्यांना ठाऊक आहे, तरी त्या डेक्कनला वळसा घालून अलका चौकातून मागे येतात. “पुलापलीकडे कुठे वळायचं ते चुकलं, तर संध्याकाळी एकटीनं थांबून कुणाला विचारायचं?”

थोड्या वेळाने, संवेदक काढून झालेले असताना, त्यांनीच विचारले, “इथं चुकलं तर काय होतं?” मी म्हणाले, “काही नाही ताई. एक कळ दाबली की पुन्हा सुरुवातीला येता येतं.” त्या परत बसल्या आणि थेट गल्लीत शिरल्या. पहिले वळण बंद निघाले, तेव्हा त्या शांतपणे मागे आल्या, दुसऱ्या वळणाने बाहेर पडल्या आणि दवाखान्यासमोर जाऊन थांबल्या. मग त्यांनी आपणहून आणखी दोन ठिकाणे शोधली. त्या वेळी नोंद बंद होती आणि हे फिरणे चाचणीचा भाग नव्हते, त्यामुळे आमच्या निकालात त्याला जागा नाही, आणि ते योग्यच आहे.

मला यात महत्त्वाचे वाटते ते असे की चालण्याच्या चाचणीत जवळची वाट किती वेळा धरली यावरून येणारा गुणांक ताईंच्या बाबतीत शून्य निघतो, आणि केवळ तोच पाहिला तर त्यांची गणना वाट न समजणाऱ्यांमध्ये होईल. त्यांना वाट समजत होती. चुकण्याची किंमत मात्र त्यांना परवडणारी वाटत नव्हती. ही किंमत सगळ्यांना सारखी नसते. ‘सी हीरो क्वेस्ट’ या मोबाइलवरच्या खेळातून गोळा झालेल्या जगभरच्या माहितीवरून मेंदूशास्त्रज्ञ ह्यूगो स्पायर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवले की वाट शोधण्यातली स्त्री-पुरुषांमधली तफावत जिथे लिंगविषमता जास्त, त्या देशांत जास्त दिसते. एकट्या ताईंवरून सिद्धांत मांडता येत नाही हे मी जाणते. पण चिंता आणि क्षमता यांचा संबंध दाखवणारे आकडे पुढे ठेवताना, क्षमता म्हणून आपण नेमके काय मोजले, हे स्पष्ट सांगण्याची जबाबदारी आमची आहे, असे मला मनापासून वाटते.

चालू अभ्यासाची पद्धत मध्येच बदलता येत नाही, म्हणून पुढच्या अभ्यासासाठी आम्ही संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या आचारसमितीकडे नवा आराखडा पाठवला आहे. त्यात दिशा दाखवण्याचे आणि चालण्याचे गुण वेगवेगळे मांडले जातील आणि चालण्याच्या चाचणीला दुसरा टप्पा असेल, ज्याच्या आधी ‘जवळची वाट शोधा, चुकलात तर केव्हाही सुरुवातीला परत येता येईल’ असे सांगितले जाईल. ज्यांचे दिशाज्ञान मुळातच कच्चे आहे त्यांचे चालणे या सूचनेने फारसे सुधारणार नाही आणि त्यांना दिशा ओळखण्याचा सराव द्यावा लागेल; ज्यांचे चालणे एकदम सुधारेल, त्यांच्यासाठी निर्धास्तपणे भटकता येईल अशी जागा आणि वेळ उपलब्ध करून देणे हाच उपाय असेल.