नव्व्याण्णव मेंढरांचा गुंता सुटला

बायबलमधल्या येशूच्या दाखल्यावरचं, हरवलेल्या मेंढराचं चित्रपुस्तक बरेच दिवस एकाच प्रश्नावर अडून होतं. मेंढपाळ एकाला शोधायला गेला, मग मागे राहिलेल्या नव्व्याण्णवांकडे कोण बघतंय? मजकूर कितीही घोटला तरी सहा-सात वर्षांची मुलं नेमकं तिथेच बोट ठेवतात. आता वाट सापडली आहे. तिच्यापायी निम्मी पानं नव्याने आखावी लागणार आहेत, पण त्याचं काही वाटत नाही.

आधीचे उपाय का टिकले नाहीत ते सांगायला हवं, कारण मुलांसाठी बायबलच्या गोष्टी लिहिणाऱ्या आपल्यापैकी अनेकांच्या खर्ड्यांत तेच दिसतात. नव्व्याण्णवांना गाळलं, तर उरते एका चुकलेल्या जनावराची साधी गोष्ट. मेंढपाळाने काय पणाला लावलं ते दिसतच नाही. आधी सगळ्यांना वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, कोंडून मग त्याला पाठवलं, तर मुलांचा जीव भांड्यात पडतो, पण लूक 15:4 त्यांना रानात सोडतो आणि मत्तय 18:12 डोंगरावर. जोखीम काढली की दाखला लुळा पडतो. तिसरा उपाय पालकांसाठी शेवटी टीप देण्याचा. मुलं टीप वाचत नाहीत आणि गोष्टीचं काम टिपेने करूही नये.

उत्तर मिळालं ते प्रश्न मुलाच्या तोंडून काढून गोष्टीतच घातल्यावर. आता गोष्ट सांगते ती नव्व्याण्णवांपैकीच एक, बांडी नावाची मेंढी. ‘तो तिला शोधायला गेला. आणि आम्ही?’ हे तिचं वाक्य बाराव्या पानावर येतं. ती रुसते, तिला भीती वाटते, कुत्रं जवळ असूनही झोप येत नाही. मेंढपाळ परततो तेव्हा तिला कळतं की उद्या आपण चुकलो तर तो असाच निघेल. नव्व्याण्णवांना याहून मोठी राखण कुठली? उपदेशाचं एक वाक्यही लागलं नाही. लूकच्या त्याच अध्यायातल्या उधळ्या मुलाच्या दाखल्यात, धाकटा घरी परतल्यावर थोरला भाऊही असाच रुसून दाराबाहेर थांबतो, त्यामुळे बांडी बाहेरून चिकटवल्यासारखी वाटत नाही.

मात्र दृष्टी बांडीची ठेवली की शोध दिसत नाही. दरी, काटे, हाका सगळं पानाबाहेर जातं. म्हणून शोधाच्या खुणा परतलेल्या माणसावर काढायच्या: घोंगडीला फाटलेला काठ, पोटरीवर बाभळीचे ओरखडे, संपत आलेला कंदील. मुलं या खुणा वाचतात, हे कच्च्या चित्रांवरच दिसून आलं.

32 पानांची मांडणी अशी: पहिलं पान शीर्षक, दुसरं श्रेयनामावली, तिसऱ्यावर बांडीची ओळख, मग 14 स्प्रेड (समोरासमोरच्या पानांच्या जोड्या) आणि शेवटी सुटं बत्तिसावं पान. 4 ते 9 माळ, संध्याकाळ, एक कमी भरणं. 10-11 वर तो निघतो. 12 ते 17 नुसता अंधार आणि दूर जाणारा कंदील. पान उलटेल तसा तो 12 मिमीवरून 6 वर आणि मग 2 वर. 18 ते 23 वाट पाहणं, 24-25 वर खांद्यावर मेंढरू घेऊन परतणं, 26 ते 29 शेजाऱ्यांसह आनंद, 30-31 वर शंभरही झोपलेली. एरवी स्प्रेडला 25 ते 30 शब्द, अंधारात दहा-बारा पुरे. मजकूर 20 पॉइंट, ओळींचं अंतर 30. त्याहून कमी केलं की वरची वेलांटी आणि खालचा उकार एकमेकांत अडकतात.

चित्रांत कापसासारखी पांढरी मेंढरं नकोत. आपल्याकडची दख्खनी मेंढरं काळी किंवा काळी-पांढरी असतात. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे कोकणाकडे निघाले की पुणे जिल्ह्यातली मुलं ती रस्त्यावरच पाहतात. फक्त रात्री काळ्यावर काळं लोपतं, म्हणून आकाश गडद निळं, आणि पाठींवर कंदिलाची पिवळी कड. मजकुराचा काळा एकाच शाईचा ठेवा. चार रंगांतून केला आणि छपाई केसभर सरकली की जोडाक्षरं धूसर होतात. कागद 130 जीएसएम मॅट आर्ट. मॅपलिथो हा बिनलेपाचा कागद स्वस्त पडतो, पण शाई पिते आणि रात्रीची पानं चिखल होतात. शंभर मेंढरांसाठी बारा-तेरा मुद्रा काढून त्या उलटसुलट वापरल्या, ठिपके बदलले, की पुरेसा वेगळेपणा येतो.

अक्षरजुळणीला स्क्रायबस 1.6 हे पानं मांडायचं मोफत सॉफ्टवेअर आणि मुक्त परवान्याचा मुक्ता टंक, ही जोडी आता बिनधास्त सुचवावीशी वाटते. जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकांत मजकूर बदलून घेतला की ‘दुसऱ्या’, ‘शेजाऱ्या’ यांतला ऱ्य हमखास तुटतो. प्रूफात आधी तोच शोधा.

बत्तिसाव्या पानावर प्रश्नोत्तरं छापायची होती. हे लिहिता लिहिताच ती काढून टाकावीशी वाटली. तिथे फक्त ‘लूक 15:3-7’ आणि शंभरांत बांडी कुठे झोपली आहे ते शोधायला एक ओळ. वचन पूर्ण द्यायचं झालं तर पंडिता रमाबाईंनी केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराचे हक्क आता कोणाकडे नाहीत. हक्क राखीव असलेल्या आवृत्त्यांसाठी लेखी परवानगी घ्यावी लागते.

आणखी एक बदल. किशोरांसाठी केडगावच्या छापखान्याची गोष्ट आधी घ्यायची होती: रमाबाईंच्या मुक्ती मिशन या संस्थेतल्या मुली छपाईचे खिळे जुळवताहेत, रमाबाई 1922 मध्ये वारतात आणि संपूर्ण बायबल 1924 मध्ये प्रसिद्ध होतं. ती थोडी थांबेल. बांडीमुळे थोरला भाऊ डोक्यात बसला आहे. तो शेवटी आत गेला की नाही, ते लूक सांगत नाही, आणि तेरा-चौदा वर्षांच्या वाचकासाठी याहून चांगली सुरुवात नाही. त्या भावावरून सुचलेली किशोरकादंबरी अशी: खडकीतलं घर, दहावीतली जबाबदार ताई, घरी परतलेला धाकटा. साधारण 25,000 शब्द. नियम एकच: प्रार्थनेने कथानकाची गाठ सोडवायची नाही. ताई प्रार्थना करेल, पण दार उघडायचं की नाही ते तिलाच ठरवावं लागेल. पहिल्या तीन प्रकरणांचा आराखडा पुढच्या नोंदीत.