फक्त बघण्यापुरतं

सकाळी कॉलेजच्या अर्जांची शीट उघडली तर वरती 'व्ह्यू ओन्ली'. आधी वाटलं नेट गंडलंय, बंद करून परत उघडली, तर तेच. म्हणजे चिरंजीवांनी माझा एडिट ॲक्सेस काढून घेतलाय. निदान सांगायचं तरी!

शीट केली कोणी? मी. त्याच्या अकाउंटवर केली, एवढंच चुकलं. कॉलेज, कोर्स, शेवटची तारीख, शिफारसपत्र कोणाकडून, मागितलं का, आलं का, लॉगिन कुठल्या ईमेलचं, हे सगळे रकाने मी पाडलेत. 'आपल्याकडची वेळ' हा तर खास माझा, कारण रात्री ११:५९ म्हणजे कुठले ११:५९ ते प्रत्येकाचं वेगळं, कुणी कॉलेजच्या गावची वेळ धरतं, कुणी अर्ज भरणाऱ्याच्या, आणि ०३/०४ लिहिलं की एकीकडे ३ एप्रिल होतो नि दुसरीकडे ४ मार्च. हे सगळं बसून कोणी शोधलं? जाऊदे.

विचारलं तर म्हणतो, "आई, तू रंग बदलतेस ना, मग मी काय केलंय आणि तू काय केलंयस तेच मला कळत नाही." यावर काय बोलणार. ह्यांना सांगितलं तर हे हसले, ते वेगळंच लागलं.

दिवसभर तेच डोक्यात. काढून घेतला म्हणजे काय, मी काय परकी आहे का, चार लोकांना लिंक पाठवतात तशी मला पाठवल्यासारखी. पुढच्या वर्षी ह्या वेळेला घरात... असो. चिडून शीटची एक कॉपी करून घेतली, त्यात माझे हिरवे-पिवळे रंग भरले, आणि तासाभरात त्याने तिकडे भलतंच काहीतरी बदललं, माझी कॉपी झाली शिळी. बसा रंग भरत.

मग नुसतीच बघत बसले. माझे रंग साफ पुसलेत, सगळं पांढरं. पण 'सबमिट केलं' च्या शेजारी नवा रकाना दिसला, 'पोचल्याचा मेल आला का', कारण नुसतं सेव्ह झालं म्हणजे अर्ज गेला असं नसतं. प्रत्येक शेवटच्या तारखेच्या आधी दोन दिवसांवर स्वतःची तारीख टाकलीय, शेवटच्या रात्री साइट लटकते म्हणून. मार्कशीटच्या फाइलचं नाव पूर्वी 'स्कॅन फायनल फायनल२' होतं, आता चक्क त्याचं नाव आणि वर्ष! हे मला सुचलं नव्हतं असं काही नाही हं, पण केलं त्याने.

फक्त एका शिफारसपत्रापुढे अजून 'मागायचंय' आहे. शिक्षकांना महिनाभर तरी आधी सांगावं लागतं रे बाबा. खोलीच्या दारापर्यंत गेले नि परत आले. कमेंट टाकायलाही ॲक्सेस नाही.

ठीक आहे. फी भरायची आहे अजून आणि कार्ड माझं आहे. ओटीपी माझ्याच फोनवर येतो, तेव्हा मारेल हाक.