सातवं रोप

गोवंडीच्या आमच्या लॅबमध्ये मसूर येतो तो मेलेला. मध्य प्रदेशातल्या विदिशा, सागरकडच्या शेतांतून उपटलेली रोपं. कुठल्या शेतात मर रोग किती पसरलाय याची नोंद तिथला सहकारी ठेवतो. मर खरंच मर आहे का, हे बघायचं काम माझं.

या फेब्रुवारीत एका सकाळी पाकीट फोडायच्या आधीच त्याचा फोन आला. मूळचा अकोल्याचा, एरवी शांत माणूस.

"ताई, मर लागत नाही म्हणून हे बियाणं पेरलं होतं. आता शेंगा भरायच्या वेळी जागोजागी वाळलंय. बांधावर माणसं जमलीत, बियाण्यात फसवलं म्हणतात. मर लिहू का नोंदीत?"

"लिहू नकोस. दुपारी फोन करते."

सात रोपं होती, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. फार बरं केलं त्यानं. प्लास्टिकच्या पिशवीत घातली असती तर वाटेतच घामेजून भलत्याच बुरशा माजल्या असत्या.

पहिल्याचं सोटमूळ वाकवलं, तर वाळक्या काटकीसारखं कट्‌कन मोडलं. बारीक मुळ्या बहुतेक मातीतच राहिलेल्या. नखानं साल सोलली, खाली काळे ठिपके, मिरपूड भुरभुरल्यासारखे. मर असती तर मूळ उभं चिरल्यावर आत तपकिरी रेघ दिसायची, कारण ती बुरशी पाणी वाहणाऱ्या नळ्यांतच शिरते. इथं रेघ नाही. ओळीनं सहा रोपं तशीच. ही कोरडी मूळकूज, मॅक्रोफोमिना बुरशीची. ऊन वाढलं, जमिनीतली ओल सरली की ती जोर धरते. मरीला दाद न देणारा वाण तिलाही दाद देणार नाही, असं कुणी सांगितलंय? आणि वरून बघितलं तर दोन्हींत झाड वाळतंच.

सातव्याचं मूळ बाहेरून शाबूत. ब्लेड लावलं. तपकिरी रेघ थेट खोडात चढलेली.

हातातलं ब्लेड खाली ठेवलं आणि फोन लावला. "सहा मूळकुजीची आहेत. सातवं कुठलं?"

"खालच्या बांधाकडचं."

"तिथं काठी रोवून ठेव."

मुळांचे तुकडे बाहेरून निर्जंतुक करून बुरशी वाढवायच्या बटाटा-डेक्स्ट्रोजच्या माध्यमावर ठेवले. पाच-सहा दिवसांत सहा डिशा राखी-काळ्या झाल्या. सातवीत जांभळट छटेचा पांढरा कापूस, स्लाइडवर विळ्यासारखे बीजाणू. फ्युजॅरियम, मर आणणारी बुरशी याच जातकुळीतली. पण एवढ्यावर त्या बियाण्याला दोषी धरणं मला पटेना. निरुपद्रवी फ्युजॅरियमही मुळांवर राहतं; शिवाय पेरणीत दुसऱ्या वाणाचे दाणे मिसळलेले असू शकतात. म्हणून ती बुरशी मातीत मिसळून कुंड्या भरल्या. अर्ध्यांत शेतकऱ्याच्या पिशवीतलं उरलेलं बियाणं, अर्ध्यांत मरीला हमखास बळी पडणारा वाण. नुसत्या मातीच्या दोन कुंड्या वेगळ्या.

आज एकविसावा दिवस. बळी पडणाऱ्या वाणाच्या तीन रोपांनी शेंडे खाली टाकलेत. पिशवीतल्या बियाण्याची सगळी अजून ताठ आहेत. उद्या त्या तिघांची मुळं चिरायची.