फोटोखाली नाव का नाही?

"फोटो एवढा स्वच्छ आहे, मग खाली 'गेंदाची एक जात' एवढंच का?" हा प्रश्न माझ्या फोटोंखाली दर पावसाळ्यात येतो. (गेंद म्हणजे सड्यांवरच्या, म्हणजे खडकाच्या उघड्या पठारांवरच्या, डबक्यांत उगवणारं छोटं झाड, देठाच्या टोकाला इवल्या फुलांचं बोंड.) कुणी सहज विचारतं, कुणी जरा टोचून: इतकी वर्षं सड्यांवर फिरता आणि साधं नाव सांगता येत नाही? काहींना वाटतं, मी नाव मुद्दाम दाबून ठेवते. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

जिथे देता येतं तिथे मी नाव देतेच. वायतुरा घ्या. पाण्यातून वर आलेल्या देठाला दोन फाटे, दोन्हींवर गुलाबीसर तुरे. काठावरून घेतलेल्या फोटोतही तो ओळखू येतो. पण जांभ्याच्या सड्यावरच्या डबक्यांत अशी सोपी झाडं थोडी. आयसोएटिस म्हणजे पाण्यात कांद्याच्या पातीसारखा झुबका, गवत समजून माणसं पुढे जातात. पाचगणीच्या पठारावरून त्याच्या नव्या जातींची नोंद झाली आहे, पण जात ठरते ती पानाच्या बुडाशी असलेल्या कोशातल्या पांढऱ्या बीजाणूंच्या नक्षीवरून. पान बुडापासून सोडवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्याशिवाय ती दिसत नाही. गेंदाचंही तसंच. बोंड जेमतेम पाच-सहा मिलिमीटरचं, त्यात नर आणि मादी फुलं दाटीने बसलेली. लांबून सगळी बोंडं सारखीच, पांढरी-करडी. झाडं ओळखणाऱ्या ॲपलाही फोटोत जे दिसतं तेवढंच कळतं, बाकी तेही अंदाजच करतं.

आता एका डबक्याबद्दल. हे मी आजवर लिहायचं टाळलं.

रस्त्यापासून शंभरेक पावलांवर, दोन सतरंज्या अंथरल्या तर झाकलं जाईल एवढं ते डबकं. पाणी कुठेच वीतभरापेक्षा खोल नाही. ऑगस्टचा शेवट होता. पाण्याखाली केसांसारखी बारीक पानं, वर चार बोटं आलेले देठ, टोकाला करडी बोंडं. शेजारच्या डबक्यांतल्या गेंदांची पानं रुंद होती, तळाशी चांदणीसारखी पसरलेली. हा निराळा दिसत होता. मी चार तास पालथी पडून, लेन्स पाण्याच्या पातळीला आणून २१२ फोटो घेतले. ढगाचं प्रतिबिंब, बोंडावरचा थेंब, मागून येणारा उजेड. त्यातला एक तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय, हा प्रश्न सर्वांत जास्त त्याच्याचवर येतो.

गेंदांवर काम करणाऱ्या एका अभ्यासकांना तो दाखवला. त्यांनी चारच गोष्टी विचारल्या. बोंड खालून कसं आहे? मादी फुलाला निदलं (बाहेरच्या पाकळ्या) दोन की तीन? निदलाच्या पाठीवर उभी कड आहे का? बी पाहिलंत का? २१२ फोटोंत यातल्या एकाचंही उत्तर नव्हतं. परागकोश काळे होते एवढं दिसत होतं, तेवढ्यावर भागत नाही. बी तर ऑगस्टमध्ये तयारच नव्हतं. त्यासाठी ऑक्टोबरात, डबकं आटत आलं की जायला हवं होतं. मी गेले नाही. फुलं संपली की हंगाम संपला, असंच तेव्हा डोक्यात होतं.

पुढच्या ऑगस्टला गेले तर रस्ता रुंद झालेला, आणि गाड्या उभ्या करायला डबक्यात मुरूम आणि जांभ्याचा चुरा टाकून सपाटी केलेली. एका कडेला ओली पट्टी उरली होती, तिच्यात गवत. मी तिथे गुडघ्यावर बसून बोटांनी चुरा उकरला. चार बोटं खाली काळा चिखल लागला, तोच जुना तळ. त्यात बी असेलही, पण त्याच्यावर आता उजेड पडत नव्हता. त्यानंतर सलग चार पावसाळे आसपासची डबकी पाहिली. तशी पानं मिळाली नाहीत.

तेव्हापासून मी फोटो वेगळ्या क्रमाने काढते. आधी अख्खं डबकं, भोवतीच्या खडकासकट. मग एक पूर्ण झाड. मग पाण्याखालची पानं. इथे बहुतेकांचा पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करणारा लेन्सवरचा फिल्टर, फसतो. पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांच्या तिरप्या कोनातून पाहिलं तर तो चकाकी जवळजवळ पुसून टाकतो, पण सरळ वरून खाली पाहताना कितीही फिरवा, आभाळ तसंच दिसतं. वरून घ्यायचा असेल तर काळी छत्री उघडून आभाळच झाका. डबक्यात पाय टाकू नका. ढवळलेला गाळ लवकर बसत नाही आणि बसतो तो पानांवरच. उघड्या खडकावर फोमची चटई टाकून आडवं व्हायचं. एका डबक्यातून दुसऱ्याकडे जाताना बुटांचा चिखल काढायचा, नाहीतर इकडचं बी आपणच तिकडे नेतो.

बोंडासाठी एकास एक मॅक्रो, म्हणजे बारीक वस्तू जवळून तिच्या खऱ्या आकारात टिपणारी लेन्स, लागते. फुलफ्रेम कॅमेऱ्यावर लेन्सचं छिद्र एफ ११ इतकं बारीक केलं तरी दीड मिलिमीटरही खोली शार्प येत नाही. म्हणून तीन फोटो घ्यायचेच: बाजूने, वरून, आणि खालून. खालचा फोटो दिसायला वाईट येतो, पण बोंडाला कवटाळणारी छदं, म्हणजे इवली पानं, त्यातच दिसतात. काळ्या चिखलापुढे पांढरं बोंड असलं की कॅमेरा उजेड वाढवतो आणि बोंड जळतं, एक्स्पोजर एक स्टॉप खाली आणा. सीतेची आसवं या सड्यावरच्या इवल्या फुलांचंही असंच. समोरून फूल गोड दिसतं, पण खालच्या ओठामागचं शेपटीसारखं टोक बाजूनेच दिसतं, आणि त्याची लांबी ओठाशी ताडून पाहावी लागते.

शेवटी पांढरी उथळ ताटली, तिच्यात बोटाच्या पेराएवढं पाणी. पाण्याखालचं पान हवेत आणलं की त्याचा ओला गोळा होतो, तेच ताटलीत सोडलं की बोटाच्या टोकाने हलवताच पुन्हा धागा धागा सुटतो. शेजारी मिलिमीटरची पट्टी. बोंड उलगडून एक मादी फूल आलेख-कागदावर. आणि ऑक्टोबरात पुन्हा तिथेच, बी पाहायला.

म्हणजे झाडाला हात लावायचा. इथेच माझं मलाच पटत नाही. पूर्वी मी फार ठामपणे सांगायचे: पान मोडायचं नाही, फक्त फोटो घेऊन यायचं. बोंड तोडणाऱ्या एकाला मी चारचौघांत सुनावलंही होतं. त्या दिवशी एकच बोंड घेतलं असतं, तर ते झाड कोण होतं हे आज माहीत असतं. यावर ती जुनी मी म्हणते: बोंड घेतलं असतं तरी डबकं बुजलंच असतं, आणि तिथे झाडं किती होती हे तू मोजलं तरी होतंस का? मोजलं नव्हतं. हल्ली आधी मोजते. भरपूर असली, एकेका झाडाला पाच-सहा बोंडं असली, तर एक घेते, झाड उपटत नाही. राखीव जंगलात किंवा अभयारण्यात वनखात्याची परवानगी नसेल तर तेही नाही. पण डबक्यात मोजून दहाच झाडं असतील तर काय, याचं उत्तर माझ्याकडे नाही. दहाच असतील तेव्हाच तर नाव कळणं सर्वांत गरजेचं असतं.

आणि हो, पूर्वी मी अंदाजाने नावं टाकत होते. त्यांतली दोन चुकीची निघाली. मी दुरुस्त केली तोवर ती इतरांच्या फोटोंखाली गेली होती, काहींच्या खाली अजून आहेत. म्हणून आता 'गेंदाची एक जात' लिहिते, आणि त्याला कुणी शिष्टपणा म्हटलं तरी तेच लिहीन.

गेल्या आठवड्यात ज्यांनी फोटो पाठवलेत त्यांना एवढंच: डबकं अजून ओलं असेल तर बोंडाचा खालून एक फोटो घ्या, झाडं मोजा, आणि ऑक्टोबरात परत जा.