अत्तराचा तिसरा तास

अत्तराच्या दुकानातला व्यवहार ठरलेला असतो. दुकानदार काचेची काडी कुपीत बुडवून पालथ्या हातावर टेकवतो, गिऱ्हाईक हात नाकाशी नेतं, "वा!" म्हणतं आणि पाकीट काढतं. सगळं मिळून मिनिटभराचा मामला. विकत घेतला जातो तो पहिला भपकारा, आणि तो घरी पोचेपर्यंत उडूनही गेलेला असतो. दिवसभर अंगावर वागवायचं ते अत्तर त्या माणसाने अजून हुंगलेलंच नसतं.

मिश्र अत्तरात आठ-दहा तेलं एकत्र नांदत असली तरी अंगावरून ती एकत्र उठत नाहीत. बर्गमॉट, संत्रं, लिंबू यांतलं लिमोनीन हलकं. पंधरा-वीस मिनिटांत त्याचा बराचसा कारभार आटोपतो. फुलांचे घटक, म्हणजे लिनालूल, जिरॅनिऑल वगैरे, दोन-तीन तास रेंगाळतात. चंदनातलं सँटलॉल, वाळ्यातलं खुसिमॉल, पॅचौली या सुगंधी पानांतलं पॅचौलॉल हे जड गडी. ते संध्याकाळपर्यंत हलत नाहीत. विल्यम पूशर या इंग्रज सुगंधतज्ज्ञाने १९५५ साली गंधद्रव्यांची त्यांच्या टिकण्यावरून १ ते १०० अशी क्रमवारीच लावली. पॅचौली आणि चंदन त्यात थेट शंभरावर आहेत.

तेव्हा काडी लावून घ्यावी, पैसे न देता बाहेर पडावं, बाजारातली बाकीची कामं उरकावीत आणि तीन तासांनी मनगट हुंगून मग काय तो निर्णय घ्यावा. दुकानदार नाराज होतो, पण जातिवंत अत्तरवाला होत नाही.

तेलाच्या पायावरचं अत्तर आणि फवाऱ्याचं परफ्यूम यांच्या चालीतही फरक आहे. अल्कोहोल उडताना हलके घटक सोबत उचलून खोलीभर पसरवतं, म्हणून परफ्यूम सुरुवातीला मोठ्याने बोलतं. तेल असं काही करत नाही. त्याच्या थरातून एकेक रेणू सुटत राहतो, त्यामुळे सुरुवात मवाळ होते आणि दरवळ अंगापासून हातभर अंतरातच राहतो. ज्यांना आपण आत शिरताच सगळ्यांच्या माना वळायला हव्या असतात, त्यांनी अत्तराच्या वाटेला जाऊ नये.

"माझ्या त्वचेचा पीएच वेगळा आहे, म्हणून माझ्यावर याचा वास बदलतो," हे वाक्य हल्ली फार ऐकू येतं. पीएच म्हणजे आम्लतेचं माप. निरोगी त्वचा बहुतेकांची साधारण ४.५ ते ५.५ पीएचच्या घरातच असते आणि तेवढ्या फरकाने चंदनाचं काही बिघडत नाही. फरक पडतो तो उष्णतेने, त्वचेवरच्या नैसर्गिक तेलाने आणि घामाने. गरम जागी तेलं भराभर उडतात. तेलकट त्वचेवर हलके घटक त्या तेलात अडकून जरा जास्त थांबतात. कोरड्या त्वचेवर त्यांना धरायला काही नसतं, म्हणून आधी व्हॅसलीनचं पुसट बोट फिरवलं तर अत्तर जास्त टिकतं. खोबरेल नको, त्याचा स्वतःचा वास मधे येतो. मनगटावर मनगट घासल्याने "रेणू चिरडतात" ही आणखी एक लोणकढी. रेणू बिचारे शाबूत असतात. घर्षणाने जागा तापते, थर पातळ होतो आणि वरचा गंध लवकर उडतो, इतकंच.

लग्नात पाहुण्यांच्या पालथ्या हातावर अत्तर लावतात ते आदरातिथ्य म्हणून ठीक, पण अत्तरासाठी ती जागा वाईट. पंगतीला बसण्याआधी हात धुतले की संपलं. कानाच्या पाळीवरच्या खळगीत फाया ठेवणारे जुने लोक जास्त शहाणे म्हणायचे: जागा उबदार, पाणी लागत नाही, वारा बेताचा आणि कापूस तेल धरून ठेवतो. फाया मात्र हरभऱ्याएवढाच असावा आणि अत्तर एक थेंब. मोठा बोळा सगळं पिऊन बसतो.

उत्तर प्रदेशातल्या कन्नौजच्या कारागिरांनी हे टिकण्याचं गणित फार पूर्वी सोडवलं. तांब्याच्या डेगेत फुलं आणि पाणी, झाकण मातीने लिंपलेलं, तिथून बांबूचा चोंगा थंड पाण्यात बसवलेल्या भपका नावाच्या भांड्यात उतरलेला, आणि भपक्यात आधीपासून चंदनाचं तेल. वाफ त्या तेलात मुरते, खाली साचलेलं पाणी काढून टाकतात, दुसऱ्या दिवशी ताजी फुलं घालून पुन्हा तेच तेल. असं दिवसेंदिवस चालतं. हलक्या फुलांना जड चंदनाच्या गर्दीत ठेवलं की त्यांचं उडणं मंदावतं. शिवाय फुलं विझली की खालून चंदन वर येतं. आज मात्र बऱ्याच कुप्यांत चंदनाच्या जागी पॅराफिन किंवा डायइथाइल थॅलेट असलं स्वस्त, बिनवासाचं द्रव्य असतं. खरं चंदन तेल किलोला लाखाच्या वर, म्हणजे ग्रॅमला शंभर रुपयांहून जास्त. दोनशे रुपयांत तोळाभर "असली चंदन" देणाऱ्याशी हुज्जत घालू नये, हिशेब करावा.

ऊर्ध्वपातनाची स्वतःची एक खोडही आहे. गुलाबाच्या फुलातला मोठा वाटा फिनाइलइथाइल अल्कोहोलचा, आणि ते पाण्यात विरघळतं. त्यामुळे ते गुलाबपाण्यात निघून जातं आणि तेलात थोडंच उरतं. गुलाबाचं अत्तर कुंडीतल्या गुलाबासारखं अगदी हुबेहूब लागत नाही, ते यामुळे. प्रत्येक वेळी भेसळीचा संशय घ्यायला नको.

घरी मिश्रण करायचं तर दहा ग्रॅमचं करावं. थेंबांवर जाऊ नये. पॅचौलीचा थेंब आणि बर्गमॉटचा थेंब एका वजनाचे नसतात. ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा हवा. उन्हाळी-पावसाळी दोन्हीला चालेल असं एक माप: चंदन १.४०, वाळा ०.३०, पॅचौली ०.१५, मोगऱ्याचं अॅब्सोल्यूट (द्रावकाने काढलेला दाट अर्क) ०.२०, जिरेनियम ०.४५, गुलाब तेल ०.०५, बर्गमॉट ०.४०, वेलची ०.०५. हे झाले तीन ग्रॅम. उरलेले सात होहोबा तेलाचे. गुलाब आणि वेलची इतकी कमी आहेत की काट्यावर चूक हमखास होते. म्हणून दोन्हींचं होहोबात दहा टक्क्यांचं द्रावण करून प्रत्येकी अर्धा ग्रॅम घ्यावं. त्यात ०.९० ग्रॅम होहोबा आलाच, तेव्हा वेगळा घालायचा तो फक्त ६.१०.

बर्गमॉट बर्गॅप्टीन काढलेलंच घ्यावं. साध्या, दाबून काढलेल्या तेलातलं बर्गॅप्टीन उन्हात त्वचा भाजून काळे डाग पाडतं. अंगावर राहणाऱ्या उत्पादनांत अशा साध्या तेलाची शिफारस केलेली मर्यादा ०.४ टक्के आहे आणि आपण घालतोय ४ टक्के.

आधी चंदन, वाळा, पॅचौली एकत्र करून रात्रभर ठेवावं. दुसऱ्या दिवशी फुलं, मग वेलची-बर्गमॉट, शेवटी होहोबा. गडद काचेची कुपी गळ्यापर्यंत भरावी, कारण मोकळ्या हवेत लिमोनीनचं ऑक्सिडीकरण होतं आणि तसं झालेलं तेल काहींच्या त्वचेला खाज आणतं. मग तीन आठवडे कपाटात. पहिल्या दिवशी वेलची वेगळी, वाळा वेगळा असा प्रत्येक जण आपापलं बोलत असतो. तिसऱ्या आठवड्यात एकच वास लागतो.

होहोबाच का? तो खरं तर पातळ मेण आहे, खवट होत नाही. बदाम तेल वर्षभरात खवटतं. खोबरेल २४-२५ अंशांखाली थिजतं, नाशिकच्या थंडीत तर कुपीतून बाहेरच येणार नाही. पण होहोबाला राळ आणि स्फटिक पचत नाहीत. लोबान किंवा व्हॅनिलीन (व्हॅनिलाच्या वासाचे स्फटिक) थेट घातलं तर मिश्रण गढुळतं आणि तळाला चिकट गाळ किंवा खडे बसतात. घालायचंच असेल तर ते आधी कोमट चंदनात विरघळवावं, आणि तेही चिमूटभर.

सगळ्यात जास्त दगा मोगरा देतो. त्यात इंडोल असतं. विरळ असेल तर त्यानेच फूल जिवंत वाटतं, दाट झालं की डांबराच्या गोळीकडे झुकतं. काडीवर गोड वाटलेला मोगरा अंगाच्या उबेत दुसऱ्या तासाला कधीकधी रात्रभर उशाला राहिलेल्या गजऱ्यासारखा लागतो. तसं झालं तर पुढच्या खेपेला मोगरा ०.२० वरून ०.१२ वर आणावा आणि ती तूट जिरेनियमने भरावी. मुंबईच्या दमट हवेत हे जास्त जाणवतं. नागपूरच्या मे महिन्यात उलट तक्रार येते, की फुलं दुपारपर्यंत पार गेली आणि नुसता वाळा उरला.

"तासाभरात वास गेला" ही तक्रार मात्र तपासून घ्यावी. नाक सततच्या गंधाला वीसेक मिनिटांत सरावतं आणि त्याची दखल घेणं सोडतं. लावणाऱ्याला काही येत नाही म्हणून तो आणखी चार थेंब ओततो आणि लिफ्टमधले बाकीचे श्वास रोखतात. घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी विचारावं, किंवा बाहेर चक्कर मारून यावं. काही कस्तुरी-रेणू तर काही माणसांना मुळीच येत नाहीत. त्यांनी कस्तुरीच्या मिश्रणांवर मत देऊ नये हे बरं.

वाळ्याचं माप हिंगासारखं, जरा हात सैल सुटला की बाकी सगळं गप्प. आणि अत्तरात घातलेलं काढता येत नाही. ०.३० जड वाटला तर सगळं टाकून द्यायचं कारण नाही. बाकीची तेलं निम्म्या मापाने घेऊन, वाळ्याच्या वाटणीचा होहोबा घालून आणखी पाच ग्रॅम मिश्रण करावं आणि पहिल्यात मिसळावं. पंधरा ग्रॅमला ०.३०, म्हणजे दहाला ०.२० पडेल. ते पुन्हा आठवडाभर ठेवावं, आणि मग तिसऱ्या तासाला हुंगून बघावं.