वेताळ टेकडीवर धावताना आधी उतार ठरवावा

पुण्यात सपाट रस्त्यावर धावणाऱ्यांना आपण किलोमीटरमागे किती मिनिटे घेतो हे तोंडपाठ असते. तो आकडा घेऊन ज्या दिवशी ते प्रथम वेताळ टेकडीवर येतात, त्या दिवशी त्यांची फजिती होते. माझीही झाली होती. नदीकाठच्या रस्त्यावर पाच किलोमीटर बत्तीस-तेहतीस मिनिटांत सहज धावणाऱ्या मला टेकडीवर तेवढ्याच अंतरासाठी पन्नास मिनिटे लागली आणि त्यातली शेवटची पंधरा तर मी उतरताना घालवली. चढताना दम लागणार हे ठाऊकच होते. उतरताना वेळ लागेल हे मात्र डोक्यातही आले नव्हते. गेल्या आठ-नऊ वर्षांत या टेकडीच्या बहुतेक वाटा पायाखालून गेल्यावर माझे मत असे झाले आहे की, टेकडीवर धावायची वाट तिच्या चढावरून न निवडता उतारावरून निवडावी. चढ कुठलाही चालतो. फारच अवघड वाटला तर चालत चढता येते आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

वेताळ टेकडी हा पुणे शहरातला सर्वांत उंच भाग. माथ्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर आणि खालचे शहर साधारण ५६० मीटरवर, म्हणजे पायथ्यापासून माथ्यापर्यंत सव्वादोनशे-अडीचशे मीटर चढून जावे लागते. परंतु ही उंची एकसारख्या उतरणीने विभागलेली नाही. सह्याद्रीच्या इतर डोंगरांप्रमाणे ही टेकडीही सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक साचत गेलेल्या लाव्ह्याच्या थरांची बनलेली आहे. त्यातला कठीण कातळ टिकून राहतो, तर भोकाभोकांचा, मऊ खडक लवकर झिजून त्याचा मुरूम होतो. त्यामुळे टेकडीला पायऱ्या-पायऱ्यांचा आकार आलेला आहे: थोडा छातीवरचा चढ, मग सपाटी, पुन्हा चढ. धावणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा की दम घ्यायला जागा आपोआप मिळत जातात. पण उतरताना प्रत्येक सपाटीच्या कडेला वेग आवरावा लागतो आणि नेमका तिथेच मुरूम पसरलेला असतो.

हा मुरूम म्हणजे टेकडीवर नव्याने येणाऱ्याचा खरा शत्रू. खाली कठीण खडक आणि वर ज्वारीच्या दाण्याएवढे सुटे खडे, अशा जागी बूट कितीही चांगला असला तरी पाय सरकतो. दोन वर्षांपूर्वी मार्च महिन्यात लॉ कॉलेजच्या बाजूची वाट उतरताना मी अशाच ठिकाणी घसरले. पायाला काही झाले नाही. हात टेकल्यामुळे उजव्या तळव्याची सालटी निघाली आणि कातडीत रुतलेले खडे घरी येऊन चिमट्याने काढावे लागले. मागून येणाऱ्या एका आजोबांनी मला उठवले आणि म्हणाले, ‘अहो ताई, टाच रोवून उतरू नका. पाऊल अख्खे टेकवा, पावले बारीक टाका.’ ते स्वतः साध्या कॅनव्हासच्या बुटांत होते आणि माझ्याआधी खाली पोचले. टाच पुढे टाकली की शरीराचा भार मागे राहतो आणि पाय खड्यांवरून निसटतो; याउलट गुडघे किंचित वाकवून, अंग उताराकडेच झुकते ठेवून, भरभर लहान पावले टाकली की एखादे पाऊल सरकले तरी पुढचे लगेच सावरून घेते. हे कळायला मला तळवा सोलून घ्यावा लागला.

आता वाटांविषयी. पौड रस्त्याच्या बाजूने एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेकडे जाणारा डांबरी रस्ता चढण्यासाठी उत्तम आहे. चढ एकसारखा आहे, पायाखाली बघावे लागत नाही आणि श्वासाची लय धरता येते. उतरण्यासाठी मात्र मी तो टाळते. डांबरावरून उतरताना वेग वाढतच जातो, प्रत्येक पावलाचा दणका गुडघ्यात जाणवतो आणि समोरून गाडी येईल की काय याकडे अर्धे लक्ष राहते. लॉ कॉलेज रस्त्यावरून कांचन गल्लीच्या टोकाला निघणारी वाट याच्या अगदी उलट स्वभावाची: तीव्र, दगडांची, पावलागणिक निर्णय मागणारी. ती चढून जाताना पोटऱ्या पेटतात, पण अंतर थोडे असते. चतुःशृंगी आणि गोखलेनगरच्या बाजूंनीही पुष्कळ लोक येतात. तिकडे सकाळी फिरणाऱ्यांची वर्दळ एवढी असते की धावण्यापेक्षा ‘काका, जरा उजवीकडून’ म्हणण्यातच दम जातो.

खरे धावणे होते ते माथ्यावर. जुन्या दगडखाणीपासून वेताळाच्या देवळापर्यंतचे पठार बऱ्यापैकी सपाट आहे आणि तिथे पायांना मोकळे सोडता येते. खाण बंद पडून पुष्कळ काळ लोटला. आता तिच्यात पाणी साठते आणि उभ्या कापलेल्या कातळावर लाव्ह्याचे थर स्पष्ट दिसतात. देवळाच्या कट्ट्याला हात लावून परत फिरायचे, अशी इथे येणाऱ्यांची आपसूक रूढी पडून गेली आहे. मी देवभोळी नाही, तरी कट्ट्याला हात लावल्यावाचून परतले तर फेरी पुरी झाली असे वाटत नाही. खाण ते देऊळ आणि परत अशा दोन फेऱ्या घातल्या की ज्याला वेगाचा सराव करायचा आहे त्याचेही समाधान होते.

उतरण्यासाठी माझी आवडती वाट पंचवटीच्या बाजूची आहे. तिथे झाडी दाट आहे, त्यात गिरिपुष्प फार. हे झाड मुळात मध्य अमेरिकेतले. उजाड टेकड्या लवकर हिरव्या दिसाव्यात म्हणून त्याची सरसकट लागवड झाली, आणि त्याच्या दाटीत इथले गवत आणि धावडा-सालईसारखी झाडे मागे पडतात, ही निसर्गप्रेमींची तक्रार मला पटते. धावणाऱ्याच्या स्वार्थापुरते बोलायचे तर त्याच्या पानांचा कुजका थर मुरुमावर पसरल्यामुळे पाय तितकासा सरकत नाही आणि उन्हाची तिरीपही लागत नाही. पहाटे या बाजूला मोरांचा ओरडा ऐकू येतो. एकदा वळणावर मोर एवढा जवळ उभा होता की आम्ही दोघेही दचकलो.

उतारावर धावल्यानंतर मांडीचे पुढचे स्नायू दुसऱ्या दिवशी, कधी तिसऱ्या दिवशीही इतके दुखतात की जिना उतरताना कठड्याला धरावे लागते. चढताना स्नायू आखडत जोर लावतात, तर उतरताना ते ताणले जात असतानाच भार पेलून शरीराला रोखून धरतात आणि त्या कामात त्यांच्या तंतूंची अधिक झीज होते. दिलासा एवढाच की स्नायू हे काम लवकर शिकतात: एकदा बेताने उतरून दुखणे सोसले की पुढच्या एक-दोन आठवड्यांतल्या तेवढ्याच उताराला ते पहिल्याइतके दुखत नाहीत. म्हणून रविवारी सिंहगडावर जाण्याचा बेत असेल तर मी आदल्या आठवड्यात टेकडीचा एक मोठा उतार मुद्दाम करून ठेवते. डॉक्टरी सल्ला म्हणून हे कोणी घेऊ नये; गुडघे आधीच कुरकुरत असतील तर आधी ते दाखवून घ्यावेत.

ऋतूप्रमाणे वाटा बदलाव्या लागतात आणि याबाबत मी हट्टी आहे. जून ते सप्टेंबर कातळावर शेवाळ चढते, तेव्हा कांचन गल्लीच्या वाटेने मी उतरत नाही, फक्त चढते. पावसात मुरूम मात्र ओला होऊन बसतो आणि उन्हाळ्यापेक्षा भरवशाचा होतो, ही गोष्ट बऱ्याच जणांना खरी वाटत नाही. जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो, त्यामुळे सहाला निघणाऱ्याने कपाळावर बांधायचा दिवा घ्यावा. मोबाइलचा दिवा हातात धरून उतरणे म्हणजे पडलो तर टेकायला एकच हात ठेवणे. मे महिन्यात सहाच्या आधीच उजाडते, पण आठनंतर पठारावर सावली म्हणून नसते आणि वर प्यायचे पाणी मिळेलच असे धरून चालू नये. वाळलेल्या गवताला या दिवसांत वणवा लागतो. धूर दिसला तर वाऱ्याची दिशा बघून, वारा आग जिकडे नेत असेल ती बाजू टाळून खाली उतरावे आणि अग्निशमन दलाला फोन करावा. एकटीने पहाटे जाणे मी भटक्या कुत्र्यांमुळे सोडले आहे. कुत्र्यांपुढे धावायचे नाही, थांबायचे आणि सावकाश चालू लागायचे, हे माहीत असूनही टोळके अंगावर आले की पाय ऐकत नाहीत.

टेकडीच्या अंगावरून बालभारती ते पौड फाटा असा रस्ता काढण्याच्या प्रस्तावाविरुद्ध २०२३ मध्ये पुणेकर मोर्चा काढून उतरले होते, त्यांत मीही होते. त्या दिवशी आम्ही सगळे हळूहळू चालत होतो आणि रोज माझ्या पुढे जाणारे आजोबा माझ्या मागे होते.

राहता राहिली कुसळे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पठारावरचे गवत वाळते आणि त्याची टोकदार कुसळे मोज्यांत अशी शिरतात की धुतल्यावरही निघत नाहीत. उलट पिळताना आणखी आत जातात. सुती मोजा असेल तर तो टाकूनच द्यावा लागतो. गुळगुळीत, पातळ नायलॉनचा मोजा आणि घोट्यावरून घट्ट बसणारी पॅन्ट घातली तर त्रास निम्म्याने कमी होतो. उरलेली कुसळे काढायला मी पायथ्याच्या चहावाल्याच्या बाकावर बसते आणि चहा निवायच्या आत एक पाय उरकतो.