स्लॅब पडला, घर व्हायचं बाकी होतं

नवी मुंबईतल्या उलव्यात, सिडकोने संपादित जमिनीच्या बदल्यात दिलेल्या साडेबारा टक्के योजनेतल्या प्लॉटवर आमचं घर उभं राहिलं. शेवटचा स्लॅब पडला तेव्हा पाहुणे म्हणाले, "झालं की घर!" राहायला जायला त्यानंतर 11 महिने लागले. पुढे झाकलं जाणारं काम झाकायच्या आधी आपण स्वतः बघायचं, हे मी तेव्हापासून घर बांधणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

वायरिंगसाठी भिंतीत पाडलेल्या झिऱ्या, म्हणजे खाचा, बुजवण्याआधी भिंतीला मोजायची टेप लावून फोटो काढून ठेवले. वीट आणि काँक्रीट उन्हात सारखी फुगत नाहीत, म्हणून कॉलम-बीमच्या सांध्यांवर चिकन मेश, म्हणजे बारीक तारेची जाळी, ठोकायला लावली. नाहीतर भेग नेमकी तिथेच येते. प्लास्टरवर सात दिवस पाणी मारायचं काम बाबांनी अंगावर घेतलं.

खरी कसोटी लागली ती पहिल्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये. तिथला स्लॅब खाली घेतलेला असतो, त्या खड्ड्यातून पाइप जातात आणि वर कोबा, म्हणजे काँक्रीटचा भराव, पडून लादी बसते. वॉटरप्रूफिंग झाल्यावर गळती तपासायला त्या खड्ड्यात पाणी भरून ठेवलं. ठेकेदार म्हणाला, "रात्रभर पाणी राहिलं, बस झालं. उद्या कोबा टाकू." मी 48 तास मागितले. पाण्याच्या पातळीला भिंतीवर खडूने रेघ मारली, ट्रॅपचं, म्हणजे पाणी जायच्या जाळीखालच्या भांड्याचं, तोंड पक्कं बंद केलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाणी रेघेखाली दोन बोटं उतरलेलं. खालून बाबांची हाक आली, "अरे, इकडे ये जरा." टॉर्चच्या उजेडात स्वयंपाकघराच्या छताला बशीएवढा ओला डाग दिसत होता. बाबांनी त्याच्याभोवती खडूने गोल केला होता.

"कोबा पडला की बंद होईल," ठेकेदाराचं म्हणणं. मला ते अजिबात पटलं नाही. कोबा ओल धरून ठेवतो, आणि नंतर गळती शोधायची तर लादीसकट सगळं फोडावं लागतं. पाणी काढलं, तेव्हा कमोडच्या पाइपभोवतीची फट नुसत्या सिमेंटने लिंपलेली निघाली. ती खोदून वाळताना न आकसणारं नॉन-श्रिंक ग्राउट भरलं, वर पुन्हा वॉटरप्रूफिंगचे कोट दिले, ते सुकू दिले आणि परत पाणी भरलं. आठवडा गेला. त्या आठवड्याची मजुरी मी दिली, त्यावर वाद घातला नाही.



दुसऱ्या खेपेला 48 तासांनी पाणी रेघेवरच होतं. बाबा खाली स्टुलावर चढून खडूच्या गोलात तळहात टेकवून उभे होते. "कोरडं आहे रे. टाक कोबा."